'विष निघतंय' म्हणणाऱ्याचा लेप

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या कानाखाली गाठ आली. दुखत नव्हती, वाढत मात्र होती. शेजाऱ्याने गाठी 'जिरवणाऱ्या' माणसाचा पत्ता दिला. पहिला लेप फुकट; मग कोर्स, तोही हप्त्यांनी. पावती नाही, डबीला लेबल नाही.

अशा लेपात बिब्बा किंवा जळजळीत क्षार घालतात. कातडी भाजते, काळी खपली धरते, ती पडली की 'बघा, विष निघतंय' म्हणून पुढचा हप्ता. अशी गाठ बहुधा कानापुढच्या-कानाखालच्या पॅरोटिड लाळग्रंथीत असते. ती ग्रंथी कातडी आणि चरबीच्या खाली असते, लेप तिथवर पोचतच नाही. सोबतच्या पुडीत स्टेरॉइड असलं तर सूज चार दिवस उतरते आणि विश्वास बसतो. पण खरा घात 'सुई लावू नका, गाठ चवताळते' या वाक्याने होतो. त्याच भीतीने तपासणी लांबते.

या कामगाराच्या गाठीत मेलानोमा निघाला, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. लाळग्रंथीत तो मूळचा क्वचितच होतो. बहुधा डोक्याच्या, कानाच्या किंवा चेहऱ्याच्या त्वचेवरून ग्रंथीतल्या लसिकागाठींत उतरतो. म्हणून केस बाजूला करून डोकं, कानामागची त्वचा, डोळे, नाक, तोंड तपासतात. पूर्वी जाळून काढलेला तीळ असेल तर तोही डॉक्टरांना सांगा. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते. डोळा मिटेना किंवा ओठ वाकडा झाला तर एक दिवसही थांबू नका.

आधी सोनोग्राफी, मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणं. नमुना अपुरा पडला तर कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं. तुकडा टिकवायला तो १० टक्के फॉर्मालिनमध्येच हवा, सलाइनमध्ये ठेवला तर कुजतो. पेशी मेलानोमाच्या आहेत का हे ओळखायला तुकड्यावर एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ या चाचण्या लागतात, कारण प्रत्येक मेलानोमात काळा रंग दिसतोच असं नाही. दुसऱ्या मतासाठी अहवालासोबत स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. सुरुवात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होते. बार्शीला कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधीच विचारा.

कॅन्सर बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या चमत्कारी उपाय कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. फलकाचा फोटो, यूपीआयची नोंद आणि उरलेला लेप जोडा. डबी धुऊन टाकू नका, आतलं तपासायला तेच लागतं.