विहिरीवरचा स्टार्टर, पाण्याचा मीटर, दुधाचा कूलर: यंत्रांसाठी कोणते मोबाईल नेटवर्क निवडावे?

शेतकरी उत्पादक कंपन्या, गावोगावच्या पाणीपुरवठा योजना आणि दूध संघ यांच्याकडून गेली काही वर्षे माझ्यासमोर एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतो आहे. दोन-तीनशे यंत्रे घ्यायची असतात, ती दूर शिवारात बसणार असतात आणि तीन पुरवठादारांची दरपत्रके टेबलावर असतात. एकाचे यंत्र २जीवर चालते, दुसऱ्याच्या पत्रकात नुसते ‘४जी’ एवढेच लिहिलेले असते आणि तिसरा एनबी-आयओटीचे, म्हणजे कमी विजेवर थोडीशी माहिती पाठवणाऱ्या यंत्रांसाठीच्या खास मोबाईल तंत्राचे, गुण सांगतो. किमतीतला फरक डोळ्यांत भरतो. तो नेमका कशाचा आहे हे मात्र कोणी उलगडून सांगत नाही.

स्वतःचा फोन घेताना आपण वेग पाहतो. विहिरीवरच्या स्टार्टरला वेगाशी फारसे देणेघेणे नसते. थ्री फेज आले का, मोटार चालू आहे का, किती अँपिअर घेते आहे, ही सगळी माहिती शंभर बाइटमध्ये मावते आणि दर पंधरा मिनिटांनी पाठवली तरी दिवसाचा मूळ मजकूर दहा किलोबाइटच्या आतच राहतो. म्हणून निवड करताना मी आधी तीन गोष्टी विचारतो: यंत्राला वीज कुठून मिळणार, त्याला हाक मारली की त्याने त्याच क्षणी ओ द्यायला हवी का, आणि ते किती वर्षे जागेवर राहणार. या तिन्ही उत्तरांवर नेटवर्क ठरते.

२जीपासून सुरुवात करू, कारण शिवारातल्या मोबाईल स्टार्टरचा पाया त्यानेच घातला. शेतीला वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. अशा वेळी घरी बसून मिस्ड कॉल द्यावा आणि मोटार सुरू व्हावी, ही सोय अंधारात बांधावरून जाणाऱ्या माणसासाठी किती मोलाची आहे ते मी पाहिले आहे. २जीचे मोड्यूल, म्हणजे यंत्रातला नेटवर्कशी बोलणारा भाग, सर्वांत स्वस्त आहे, दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते, आणि आवाजी कॉल व एसएमएस दोन्ही चालत असल्यामुळे इंटरनेट किंवा अॅप काहीच लागत नाही. आजही हे तंत्र निरुपयोगी झालेले नाही.

त्याची एक खोड मात्र प्रत्येक खरेदीदाराला माहीत असावी. ९०० मेगाहर्ट्झवर बोलताना २जी मोड्यूल पूर्ण ताकदीने दोन वॅटपर्यंत लहर फेकते आणि त्यासाठी सुमारे दोन अँपिअरचे झटके घेते. एकेक झटका ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो आणि तो दर ४.६ मिलिसेकंदांनी येतो. जुन्नर तालुक्यातल्या एका विहिरीवर आम्ही बसवलेला स्टार्टर कॉल आला की स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होत असे, आणि सिम बदला, टॉवर तपासा असे दोन हेलपाटे झाल्यावर दोष सापडला तो वीजपुरवठ्याच्या पट्टीपासून मोड्यूलपर्यंत गेलेल्या वीतभर बारीक वायरमध्ये. रेंज कमी असली की मोड्यूल ताकद वाढवते, ताकद वाढली की झटका मोठा होतो, आणि त्या बारीक वायरीत व्होल्टेज इतके पडे की मोड्यूल बंदच होई. वायर जाड केली, मोड्यूलच्या पायांशी मोठा कपॅसिटर बसवला आणि तक्रार संपली. ४जी कुटुंबातली मोड्यूल साधारणपणे ०.२ वॅटवर बोलतात. त्यांच्या बाबतीत हा त्रास पुष्कळच कमी होतो.

२जीबद्दलची मोठी शंका वयाची आहे. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच केवळ ४जीवर. तिच्याकडे २जी कधीच नव्हते, त्यामुळे २जी यंत्र घेतले की एक मोठे नेटवर्क पहिल्याच दिवशी यादीतून जाते. अमेरिकेत एटी अँड टीने २०१६ च्या अखेरीस २जी बंद केले आणि सिंगापूरने एप्रिल २०१७ मध्ये. भारतात उलट क्रम दिसला: एअरटेलने आधी ३जी आवरले आणि २जी चालू ठेवले, कारण साधे फोन वापरणारे कोट्यवधी लोक २जीवरच होते. म्हणजे नवे ते टिकेल आणि जुने ते जाईल, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. तरीही आज बसवलेला स्टार्टर दहा वर्षे चालावा अशी अपेक्षा असेल, तर केवळ २जीवर विसंबलेले यंत्र नव्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

‘४जी’ हा शब्द दरपत्रकात एकटा दिसला तर पुरवठादाराला पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: कॅट-४, कॅट-१ की कॅट-१ बिस? कॅट म्हणजे कॅटेगरी, ४जी मोड्यूलची वर्गवारी. कॅट-४ सेकंदाला १५० मेगाबिटपर्यंत माहिती उतरवू शकते आणि कॅमेऱ्यासाठी ती योग्य आहे. स्टार्टरसाठी तो पैशांचा अपव्यय. कॅट-१ चा वेग उतरताना १० मेगाबिट आणि चढताना ५ मेगाबिट आहे. ती मुळात दोन अँटेनांसाठी ठरवली गेली होती. पुढे एका अँटेनावर तेच काम करणारी कॅट-१ बिस आली, मोड्यूल लहान व स्वस्त झाले आणि २जीशी असलेले किमतीचे अंतर बरेच कमी झाले. महत्त्वाची गोष्ट अशी की कॅट-१ ला टॉवरवर वेगळे काही लागत नाही. ज्या टॉवरवर आपला फोन ४जी दाखवतो, त्याच टॉवरवर हे यंत्र चालते. शिवारात रेंज आहे की नाही, हे खिशातला फोन काढून बऱ्यापैकी कळू शकते, आणि हे सुख एनबी-आयओटीच्या वाट्याला येत नाही.

कॅट-१ घेताना दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, मोड्यूल कोणकोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यांवर, चालते. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगराच्या आडून आणि झाडीतून २३०० पेक्षा कितीतरी चांगल्या पोहोचतात. सह्याद्रीच्या खोऱ्यांत हा फरक यंत्र चालणे आणि न चालणे यांतला आहे. बँड १, ३, ५, ८ आणि ४० हवेतच, आणि बीएसएनएलचे ४जी वापरण्याचा विचार असेल तर ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ सुद्धा हवा, जो स्वस्त मोड्यूलमध्ये अनेकदा नसतो. दुसरी गोष्ट आवाजाची. शेतकऱ्याला मिस्ड कॉलची सवय आहे, आणि ‘मोटार चालू झाली’ असे उत्तर कानावर पडले की त्याचा विश्वास बसतो. ४जीवर आवाज जातो तो व्होल्टीने, आणि कॅट-१ ची बरीच मोड्यूल केवळ डेटासाठी बनवलेली असतात. जिओसारख्या नेटवर्कवर कॉल घ्यायला मागे २जी नसल्यामुळे असे मोड्यूल कॉलच्या बाबतीत मुके आणि बहिरे राहते. दिसायला दोन्ही मोड्यूल सारखीच असतात आणि नावात एखाद्या अक्षराचा फरक असतो. हा मुद्दा ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिला नाही तर तो शिवारातच उघड होतो.

एनबी-आयओटीविषयी सविस्तर बोलायला हवे, कारण तिच्याबद्दल अपेक्षा सर्वांत मोठ्या आणि गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. २०१६ मध्ये ठरलेले हे तंत्र अवघ्या १८० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. जुन्या २जी डेटाच्या तुलनेत २० डेसिबल अधिक क्षीण लहरही ते पकडू शकते, म्हणजे शंभरपट दुबळी. जमिनीखालच्या चेंबरमधल्या पाण्याच्या मीटरसाठी हे वरदानच आहे. पण ही करामत फुकट होत नाही: तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवून, यंत्राकडून १२८ वेळा आणि टॉवरकडून २०४८ वेळांपर्यंत, तो जुळवला जातो. रेंज जितकी वाईट तितका संदेशाला वेळ जास्त आणि बॅटरीचा खर्चही जास्त. दहा वर्षांच्या बॅटरीचा दावा कोणी केला तर तो कोणत्या रेंजमधला आहे, हे विचारावे.

बॅटरीचा हिशेब मात्र मनाला पटणारा आहे. मीटरमध्ये सहसा वापरला जाणारा ३.६ व्होल्टचा मोठा लिथियम सेल १९ अँपिअर-तासांचा असतो. २जी मोड्यूल नेटवर्कशी जोडलेले राहून नुसते वाट पाहत बसले आणि सरासरी दीड मिलिअँपिअर घेत राहिले, तरी वर्षाला १३ अँपिअर-तास संपतात, म्हणजे दीड वर्षाच्या आत सेल रिकामा. एनबी-आयओटी मोड्यूल गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरच घेते. मीटरच्या इतर भागांसह दहा मायक्रोअँपिअर धरले तरी वर्षाला ०.१ अँपिअर-तासही होत नाही. उरलेला सगळा सेल संदेश पाठवायला मोकळा राहतो.

पण ही बचत झोपेतूनच येते, आणि झोपलेल्या यंत्रापर्यंत हाक पोहोचत नाही. मीटर दिवसातून एकदा जागा होऊन आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपतो. त्याला दिलेला आदेश तो पुढच्या वेळी उठेल तेव्हाच मिळतो. मीटरला हे चालते. स्टार्टरला चालत नाही, आणि त्याला जागे ठेवायचे तर त्याला थ्री फेजची वीज असतेच, मग एनबी-आयओटी घेण्याचे मुख्य कारणच उरत नाही. तिच्यावर आवाजी कॉल नाही. धावत्या वाहनासाठीही ती बेताचीच, कारण माहितीची देवाणघेवाण चालू असताना एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सहज सोपवणी तिच्यात मुळात ठेवलेलीच नाही. यंत्राचे सॉफ्टवेअर दुरून बदलायचे असेल तर अर्ध्या मेगाबाइटची फाइल चांगल्या रेंजमध्येही काही मिनिटे घेते, वाईट रेंजमध्ये तासन्‌तास. कॅट-१ वर तेच काम सेकंदांचे आहे.

आणि एक धोका कागदावर दिसत नाही. एनबी-आयओटी टॉवरवर वेगळी चालू करावी लागते, त्यामुळे ती ठेवायची की नाही हे सर्वस्वी ऑपरेटरच्या हातात असते. जपानच्या डोकोमोने ती २०२० मध्ये बंद केली आणि अमेरिकेच्या एटी अँड टीने २०२५ मध्ये. भारतात चित्र वेगळे आहे, कारण इथे वीजमीटरांच्या मोठ्या योजनेमुळे तिला मागणी आहे. तरी एअरटेल आणि अदानी एनर्जी सोल्युशन्स यांनी जानेवारी २०२४ मध्ये दोन कोटींहून अधिक स्मार्ट मीटर जोडण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यात एनबी-आयओटीसोबत ४जी आणि २जी अशी तिन्ही नावे होती. एवढ्या मोठ्या कामात कोणी एकाच तंत्रावर भार टाकला नाही, याची नोंद लहान खरेदीदारानेही घ्यावी.

एलटीई-एम हे यंत्रांसाठीचेच ४जी कुटुंबातले दुसरे तंत्र अमेरिकेत चांगले रुजले आहे, पण इथल्या ऑपरेटरांनी भर एनबी-आयओटीवर दिला; त्यामुळे परदेशी यंत्राच्या पत्रकात फक्त एलटीई-एम लिहिले असेल तर ते बाजूला ठेवावे. रेडकॅप, म्हणजे यंत्रांसाठीची ५जीची हलकी आवृत्ती, कारखान्यातल्या कॅमेऱ्यांसाठी विचारात घ्यावी, शिवारासाठी आज नाही.

सिमचा विषय लोक शेवटी काढतात, आणि खरी अडचण बहुधा तिथेच होते. यंत्रांसाठीच्या सिमला २०१८ पासून १३ अंकी क्रमांक मिळतो आणि त्यावरचे कॉल व एसएमएस आधी ठरवून दिलेल्या क्रमांकांपुरतेच मर्यादित असतात. उत्पादक कंपनीने तीनशे सिम एकत्र घेतली तर हिशेब आणि रिचार्ज एका जागी राहतो. पण त्या सिमवर शेतकऱ्याच्या घरातल्या कोणाचाही मिस्ड कॉल चालेल असे गृहीत धरू नये, यादी आधीच भरून द्यावी लागते. शेतकऱ्याच्या नावावरचे साधे सिम ही बंधने पाळत नाही, मात्र त्याचे रिचार्ज पावसाळ्यात, मोटार बंद असताना, हमखास राहून जाते आणि रब्बीच्या पहिल्या पाण्याला स्टार्टर गप्प बसतो.

नेटवर्क कोणतेही घ्या, पण मोटारीचे रक्षण त्याच्या भरवशावर सोडू नये. गावची वीज गेली की टॉवरची बॅटरीही काही वेळाने उतरते. फेज गेली, विहीर कोरडी पडली, विजेचा दाब वाढला, तर मोटार बंद करण्याचा निर्णय स्टार्टरच्या पेटीतच झाला पाहिजे. नेटवर्कचे काम कळवण्याचे आहे.

खरेदीआधी प्रत्येक पुरवठादाराकडून दोन-दोन नग घ्यावेत आणि सर्वांत वाईट रेंजच्या विहिरीवर आठवडाभर लावावेत, त्या आठवड्यात रात्रपाळीची वीजही येऊ द्यावी. मोड्यूलकडून रेंजचा आकडा ० ते ३१ असा मिळतो. एका पत्र्याच्या पेटीत दार उघडे असताना तो १७ होता. दार लावले आणि ७ वर आला. प्रत्येक पायरी दोन डेसिबलची, म्हणजे नुसत्या दाराने २० डेसिबल खाल्ले, एनबी-आयओटी जेवढे कमावते तेवढेच. अँटेना वायरीने पेटीबाहेर काढून खांबावर लावली तेव्हा आकडा २० झाला.

हे सगळे लक्षात घेऊन माझा कौल असा आहे. स्टार्टरसाठी व्होल्टी असलेली आणि गरजेला २जीवर उतरणारी कॅट-१ बिस घ्यावी. जमिनीखालच्या, बॅटरीवरच्या पाण्याच्या मीटरसाठी एनबी-आयओटी घ्यावी, पण ऑपरेटरने त्या गावात चाचणी करून दाखवल्यावरच. मीटर एकाच वस्तीत दाटीने असतील तर ते ८६५ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना लोराने, म्हणजे मोबाईल कंपनीशिवाय चालणाऱ्या, कमी विजेच्या रेडिओ तंत्राने, एका मध्यवर्ती पेटीशी जोडावेत आणि त्या पेटीत एक कॅट-१ ठेवावी, हे अनेकदा स्वस्त पडते. दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरसाठी निर्णय सोपा आहे: तिथे वीज आहे, दूध चार अंशांवर राहायला हवे, आणि बातमी तातडीची असते, म्हणून कॅट-१. त्यासोबत एक लहान बॅटरी मात्र हवीच, कारण त्या यंत्राने पाठवायचा सर्वांत महत्त्वाचा संदेश ‘वीज गेली’ हाच असतो, आणि तो वीज गेल्यानंतर पाठवायचा असतो.