एंजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट अपाची हा वेब सर्व्हर आणि त्याचं मॉड-पीएचपी यांवरून एंजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर आणि पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा वेगळा प्रोग्राम, या जोडीवर हलवली. २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर उबुंटू २२.०४, पुस्तकांची सूची मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. सूचीतला शोध, सभासदांचं खातं, वर्गणीची पावती, सगळी पानं पीएचपी तयार करतं. नुसत्या एचटीएमएलची पानं बोटांवर मोजण्याइतकी. दिवाळी अंकांची गर्दी या जोडीने काढली, मधे एक मोठं अपग्रेडही झालं. जोडी कशी बसवायची याची माहिती भरपूर मिळते. बसवल्यावर काही बिनसलं तर आधी कुठे बघायचं, ते सांगायला हे लिहितोय.

मॉड-पीएचपी असलं की पीएचपी अपाचीच्या पोटातच चालतं. इथे तसं नाही. एंजिनएक्सला पीएचपी अजिबात कळत नाही. आलेली विनंती तो फास्टसीजीआय या ठरलेल्या पद्धतीने एका सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या जोडणीवरून, एफपीएमकडे सोपवतो, तिकडून तयार पान आलं की वाचकाला देतो. एफपीएम २०१० साली, ५.३.३ या आवृत्तीपासून मूळ पीएचपीत आलं. ही वाटणी मला या जोडीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. बिघाड एंजिनएक्समध्ये आहे, एफपीएममध्ये आहे की मधल्या सॉकेटवर, हे लॉग वाचून बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच सांगता येतं.

५०२चंच बघा. ब्राउझरमध्ये ५०२ बॅड गेटवे, म्हणजे एंजिनएक्सला मागून नीट उत्तर मिळालं नाही, असं दिसलं की लोक सर्व्हर रीस्टार्ट करत सुटतात. तसं करण्याआधी एंजिनएक्सची एरर लॉग उघडावी आणि शेवटच्या ओळीतला कंसातला आकडा वाचावा. तिथे २ असेल तर ज्या पत्त्यावर सॉकेट शोधला तिथे तो नाहीच. १३ असेल तर सॉकेट आहे, पण एंजिनएक्सच्या युजरला त्याला हात लावायची परवानगी नाही. १११ म्हणजे पत्ता बरोबर, पण पलीकडे ऐकायला कोणी नाही, एफपीएम बंद पडलंय. आणि ११ म्हणजे एफपीएम चालू आहे, पण दारातली रांग भरली. ५०२ एकच, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा. रीस्टार्टने यातले निम्मेसुद्धा सुटत नाहीत.

थंडीत सर्व्हर उबुंटू २४.०४ वर नेला तेव्हा हे कामी आलं. अपग्रेड संपलं आणि ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, "अहो, लोगो दिसतोय, पण शोध उघडतच नाही." एवढ्या वाक्यात निम्मं निदान होतं. चित्रं आणि सीएसएस येतायत म्हणजे एंजिनएक्स ठणठणीत आहे, अडलंय ते पीएचपीच्या वाटेवर. लॉगमध्ये आकडा २. उबुंटूत सॉकेटच्या नावातच पीएचपीची आवृत्ती असते, २२.०४ मध्ये ८.१ होती, २४.०४ मध्ये ८.३ आली. कॉन्फिगमध्ये जुनंच नाव होतं. ते बदललं, एंजिनएक्स डॅश लहान टी या कमांडने तपासणी केली, रीलोड केलं, शोध सुरू. हीच कमांड कॅपिटल टी देऊन चालवली तर सगळ्या फाइलींमधलं जोडलेलं कॉन्फिग एकत्र छापून येतं. कुठली ओळ कुठून आली हे शोधायला त्यासारखं दुसरं साधन नाही.

कोरं पांढरं पान हे दुसरं प्रकरण, आणि ते जास्त छळतं, कारण कोड २००, म्हणजे 'सगळं ठीक', येतो आणि एरर लॉगमध्ये चकार शब्द नसतो. बहुतेक वेळा कारण हे, की कुठली फाइल चालवायची हेच एफपीएमला कळलेलं नसतं. ते सांगणारा पॅरामीटर म्हणजे स्क्रिप्ट फाइलनेम. उबुंटूवर एंजिनएक्ससोबत जवळजवळ सारख्या दोन फाइली येतात, फास्टसीजीआय पॅराम्स आणि फास्टसीजीआय डॉट कॉन्फ. पहिलीत हा पॅरामीटर नाही, दुसरीत आहे. पहिली जोडून तो वेगळा लिहिला नाही, की पान कोरं. पॅरामीटर आहे पण मार्ग चुकलेला असेल तर "फाइल नॉट फाउंड" एवढंच पान येतं आणि लॉगमध्ये "प्रायमरी स्क्रिप्ट अननोन" लिहिलेलं सापडतं. ती ओळ दिसली की रूट (कॉन्फिगमधला साइटच्या फोल्डरचा मार्ग) आणि फोल्डरच्या परवानग्या बघायच्या. साइट होम फोल्डरमध्ये असेल तर आणखी लक्ष द्यावं, उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर इतरांसाठी बंद असतात. नेमआय डॅश एल ही कमांड पूर्ण मार्गातल्या एकेका फोल्डरची परवानगी दाखवते, त्यात अडलेली पायरी लगेच दिसते.

याच पॅरामीटर्सचा एक नियम मला मनापासून खटकतो. वरच्या ब्लॉकमध्ये लिहिलेले फास्टसीजीआय पॅरामीटर खालच्या लोकेशनला, म्हणजे ठरावीक पत्त्यांसाठीच्या ब्लॉकला, मिळतात, पण त्या लोकेशनमध्ये तुम्ही एक जरी स्वतःचा लिहिलात तरी वरचे सगळे गळतात. उत्तराला हेडर जोडणाऱ्या ॲड हेडरचंही तेच. कॉन्फिग तपासणी यावर काहीच बोलत नाही, कारण व्याकरणाने ते बरोबर असतं. दस्तऐवजात नियम स्पष्ट लिहिलाय हे खरं, पण इतक्या घातक नियमासाठी किमान एक इशारा यायला हवा होता. आता मी प्रत्येक पीएचपी लोकेशनमध्ये पॅरामीटरची फाइल नव्याने जोडतो, वरून काही मिळेल यावर विसंबत नाही.

दिवाळीत शोध रांगायला लागला. एफपीएमच्या लॉगमध्ये ओळ होती: पीएम मॅक्स चिल्ड्रनची (एका वेळच्या पीएचपी प्रोसेसची) मर्यादा ५ गाठली, वाढवायचा विचार करा. उबुंटूत हा आकडा मुळात ५ असतो, म्हणजे एका वेळी फक्त पाच पानं तयार होणार. रॅमचा हिशोब सोपा आहे: पीएचपीसाठी १ जीबी बाजूला काढला आणि आमची एक प्रोसेस ५० एमबीच्या आसपास घेते, म्हणजे २० पर्यंत जाता येतं. पण आकडा वाढवण्याआधी स्लोलॉग चालू केला. पाच सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलेली प्रत्येक विनंती त्या क्षणी कुठल्या फाइलीच्या कुठल्या ओळीवर उभी आहे, हे तो छापतो. सगळ्या विनंत्या एकाच ओळीवर उभ्या होत्या: लेखकाच्या नावाचा शोध, लाइक क्वेरी, दोन्ही टोकांना टक्क्याचं चिन्ह, म्हणजे शब्दाच्या आधी-नंतर काहीही चालेल. अशा क्वेरीला साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, दर वेळी पूर्ण टेबल वाचलं जातं. अशात नुसत्या प्रोसेस वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मायएसक्यूएलवर आणखी पंधरा क्वेऱ्या लादल्या गेल्या असत्या. आधी नावाच्या सुरुवातीपासून शोध, त्यात काही मिळालं नाही तरच मधला शोध, असं केलं. मग मर्यादा १२ वर नेली. पुढच्या गर्दीत ती ओळ लॉगमध्ये आली नाही. या एका सोयीसाठी मी एफपीएमला पूर्ण गुण देतो.

५०४, म्हणजे मागून वेळेत उत्तर नाही, असं आलं की फास्टसीजीआय रीड टाइमआउट (एंजिनएक्सने उत्तराची वाट बघायची मुदत) ६० सेकंदांवरून ३०० करा, असा सल्ला सर्रास मिळतो. वाचक पाच मिनिटं पानाची वाट बघत नाही, आणि तोवर एक प्रोसेस अडकून पडते. शिवाय लिनक्सवर पीएचपीची ३० सेकंदांची मॅक्स एक्झिक्यूशन टाइम डेटाबेसची वाट बघण्यात गेलेला वेळ मोजतच नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नये. अडकलेली प्रोसेस खरोखर मारायची असेल तर एफपीएमच्या पूलमध्ये (प्रोसेसच्या गटाच्या कॉन्फिगमध्ये) रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट लिहावा.

अपलोडला तीन कुलपं आहेत. एंजिनएक्सचं १ एमबी, पीएचपीत एका फाइलला २ एमबी, पूर्ण फॉर्मला ८ एमबी. ४१३ (विनंती फार मोठी) आलं तर एंजिनएक्सने अडवलं. पान नीट आलं पण फॉर्म रिकामाच पोचला, तर पीएचपीने.

अपाचीवरून येणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डॉट एचटीॲक्सेस, म्हणजे फोल्डरमध्येच अपाचीचे नियम लिहायची फाइल, एंजिनएक्स वाचत नाही. सुटसुटीत पत्ते चालेनासे होतात, ते लगेच लक्षात येतं आणि ट्राय फाइल्सच्या एका ओळीने सुटतं. पण त्याच फाइलींनी बंद ठेवलेले बॅकअपचे, कॉन्फिगचे फोल्डर त्या क्षणी जगाला उघडे होतात, आणि ते कोणालाच दिसत नाही. हलवण्याआधी अशा सगळ्या फाइली शोधून त्यांतला प्रत्येक मनाई-नियम एंजिनएक्समध्ये लिहून घ्यावा. तसंच, पीएचपीचं लोकेशन लागू झालं नाही तर ब्राउझर पान दाखवण्याऐवजी फाइल डाउनलोड करतो, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड असलेला कोडही जाऊ शकतो. असं एकदा जरी दिसलं तरी पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. वाचकांनी चढवलेल्या चित्रांच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणारच नाही अशी सोय करावी, आणि पीएचपी लोकेशनमध्ये फाइल खरोखर आहे का हे तपासून नसेल तर ४०४ द्यावा.

डॉट एचटीॲक्सेसचे नियम शेकड्यांनी असतील आणि ते बदलणारे लोकही अनेक असतील, तर एंजिनएक्सच्या मागे लागू नये. अपाची २.४ मध्येही इव्हेंट एमपीएम आणि प्रॉक्सी एफसीजीआय ही त्याची मॉड्यूल वापरून हेच एफपीएम जोडता येतं. स्लोलॉग, वेगळे पूल, प्रोसेसची मर्यादा, सगळं तसंच मिळतं. आमच्या वाचनालयाची दुसरी जुनी साइट मी त्याच मार्गाने नेणार आहे.