46 मीटर दोरी, कागदी सूक्ष्मदर्शक आणि चिखलाची बरणी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. गेल्या जुलैपासून पृथ्वीचा इतिहास आणि सजीवसृष्टी हा भाग मी तीन साधनांच्या आधाराने शिकवला. 46 मीटर लांबीची दोरी, फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक आणि तळ्यातल्या चिखलाने भरलेली प्लॅस्टिकची बरणी, ही ती साधने. आठ महिने मुलांनी ती हाताळल्यानंतर त्यांच्याविषयी जे खात्रीने सांगता येते तेवढेच येथे लिहितो.

सुरुवात दोरीपासून केली. पृथ्वीचे वय ढोबळमानाने 460 कोटी वर्षे धरले, तर 46 मीटर दोरीचा एक मीटर म्हणजे 10 कोटी वर्षे, एक सेंटिमीटर म्हणजे 10 लाख वर्षे आणि एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षे होतात. हे प्रमाण मुलांना एकदा समजले की पुढचा सगळा हिशेब ती स्वतःच करतात. आम्ही पहिल्यांदा सुतळी वापरली, ही चूक झाली. पावसात भिजून ती आखडली आणि मोजमाप बिघडले. नंतर कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. मात्र ती ताणली की वाढते, म्हणून मैदानावर सैल अंथरूनच मोजावी लागते. खुणांसाठी दोरीलाच गाठी मारू नयेत, कारण प्रत्येक गाठीने दोरी आखूड होते. रंगीत चिंध्या वेगळ्या दोऱ्याने बांधाव्यात.

आजच्या टोकापासून मागे मोजत गेल्यास डायनोसॉरांचा अंत 66 सेंटिमीटरवर येतो आणि आमची शाळा ज्या काळ्या कातळावर उभी आहे, तो दख्खनचा बेसाल्टही तिथेच येतो. लाव्ह्याचे मुख्य उद्रेक सुमारे 10 लाख वर्षांच्या आत झाले, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा बहुतेक सगळा कातळ दोरीच्या एका सेंटिमीटरात मावतो. हे ऐकून मुले लगेच शाळेमागच्या कातळात जीवाश्म शोधायला निघाली. वितळलेल्या लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत. ते सापडतात दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळाच्या थरांत, जसे मुंबईत वरळीच्या टेकडीवर बेडकांचे जीवाश्म मिळाले. हा फरक आधीच सांगायला हवा होता. घाटातल्या रस्त्याच्या कापात प्रवाहांच्या मधले लाल मातीचे पट्टे मात्र सर्वांना दिसले, आणि एका उद्रेकानंतर पुढचा होईपर्यंत मध्ये शांततेचा काळ होता, हे त्या पट्ट्यांनी माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा अधिक स्पष्ट केले.

दोरीवर माणसाची खूण करण्याची वेळ आली, तेव्हा आठवीतली एक मुलगी चिंधी घेऊन टोकापाशी बसली. आपल्या प्रजातीची सुमारे तीन लाख वर्षे म्हणजे तीन मिलिमीटर, आणि तिच्या हातातली गाठच सेंटिमीटरभर जाड होती. तिने दोनदा बांधून पाहिली, दोनदा सोडली, मग घरून नेलपॉलिश आणून टोकाला बारीक लाल रेघ ओढली. ती रेघ अजून टिकून आहे.

या साधनाचे खरे मोल मला समजले ते दोरीच्या रिकाम्या भागामुळे. जीवसृष्टीचे जुने, सर्वसाधारणपणे मान्य पुरावे 35 मीटरवर येतात, आणि केंब्रियन काळातली प्राण्यांची विविधता येते 5.4 मीटरवर. मधले जवळजवळ 30 मीटर मुले चालत गेली आणि दर चार पावलांनी विचारत राहिली, ‘सर, इथे काहीच नाही का?’ तिथे सूक्ष्मजीव होते, आणि पृथ्वीवरच्या जीवनाचा बहुतांश काळ त्यांचाच आहे. पण हे सांगून पटत नाही. ते दाखवावे लागते. त्यासाठी उरलेली दोन साधने.

फोल्डस्कोप हा मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला, घड्या घालून जोडायचा सूक्ष्मदर्शक आहे. त्याचे वर्धन 140 पट असून सुमारे दोन मायक्रॉनपर्यंतचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील त्यातून दिसतो. जोडणीला आमची एक पूर्ण तासिका गेली. डोळा अगदी जवळ न्यावा लागतो, प्रतिमा अंगठ्यांनी कागद सरकवत स्पष्ट करावी लागते, आणि पावसाळी अंधाऱ्या दिवशी उजेड कमी पडतो, म्हणून विजेरीचा प्रकाश द्यावा लागतो. सूर्याकडे थेट रोखायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे. चिकट बोटांनी भिंग हाताळल्यामुळे आमच्या दोन संचांत प्रतिमा धूसर झाली. तो दोष आमच्या हाताळणीचा, आणि मऊ कापडाने हलके पुसल्यावर बराचसा दूर झाला. मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडून सगळ्या वर्गाला एकदम दाखवता येते, ही सोय मला सर्वांत उपयोगी वाटली.

कांद्याचा पापुद्रा सगळेच पाहतात. आम्ही ऑगस्टमध्ये पाण्याच्या टाकीच्या ओल्या भिंतीवरचा काळपट हिरवा बुळबुळीत थर खरवडून काचपट्टीवर घेतला. त्यात ऑसिलेटोरियाचे, म्हणजे एका नीलहरित जीवाणूचे, आडवे पट्टे असलेले धागे होते आणि ते सावकाश सरकत, डुलत होते. ज्यांच्या पूर्वजांनी दोरीच्या 24 मीटरच्या खुणेजवळ वातावरणात प्राणवायू साठवायला सुरुवात केली, त्यांचे हे वंशज टाकीच्या भिंतीवर हलताना पाहून वर्ग पूर्ण शांत झाला.

बरणीचा प्रयोग रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांच्या पद्धतीचा आहे. तळ्यातल्या चिखलात वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कालवून बरणीत भरायचा, वर तळ्याचेच पाणी ठेवायचे, झाकण सैल लावायचे आणि खिडकीजवळ ठेवून वाट पाहायची. पहिले चार आठवडे काही घडले नाही, आणि मुलांचा उत्साह ओसरला. मग तळ काळा पडला, कारण तिथे लोह सल्फाइड तयार झाले. वरच्या कडेला हिरवा थर चढला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मधल्या भागात जांभळट डाग दिसू लागले. ते गंधकावर जगणाऱ्या, प्राणवायू न सोडताच प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंचे होते. बरणी वर्गात उघडू नये. वास सहन होत नाही.

एक उणीव मी नीट भरून काढू शकलो नाही. दोरीच्या टोकाला माणसाची लाल रेघ असली की सगळी उत्क्रांती माणसापर्यंत येण्यासाठीच झाली, असा समज मुलांच्या मनात बसतो. दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा पाठ गाठण्याआधीच तो खोडायला हवा. म्हणून जानेवारीत आम्ही त्याच टोकाला टाकीवरच्या थराची काचपट्टी, आवारातली मुंगी आणि कडुलिंबाचे पान शेजारी-शेजारी ठेवले, कारण ही सगळी आजच्याच टोकावर उभी आहेत. काहींना ते उमगले, सर्वांना नाही. पुढच्या वर्षी हे मी पहिल्याच दिवशी करणार आहे.

फेब्रुवारीत नववीच्या एका मुलाने विचारले, रायगडावरचा राज्याभिषेक दोरीवर कुठे येईल? सन 1674 ला 350 वर्षे झाली, म्हणजे साडेतीन मायक्रॉन. त्याने स्वतःचा एक केस काचपट्टीवर ठेवून फोल्डस्कोपमध्ये पाहिला. केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली, तर तिच्यात दोरीची 7,000 वर्षे बसतात, हडप्पाची नगरेही त्यातच येतात. राज्याभिषेक केसाच्या कडेपासून विसाव्या हिश्श्यावर. त्याने वहीत केसाचे मोठे चित्र काढले, पट्टीने वीस भाग पाडले आणि पहिल्या भागाच्या रेघेवर 1674 लिहिले.