आरे जेव्हीएलआर मेट्रो स्टेशन: पाचेक महिने रोज वापरल्यावर

९ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईची मेट्रो ३, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन कफ परेडपर्यंत गेली आणि मी दुसऱ्या आठवड्यापासूनच लोकल सोडली. घर पवईला, ऑफिस कफ परेडला, आधी कांजूरमार्गला धक्के खात सीएसएमटी आणि तिथून बसची लाइन, पोचेपर्यंत निम्मा जीव जायचा. आता आरे पहिलंच स्टेशन त्यामुळे सकाळी सीट नक्की, एसीत बसून साधारण तासाभरात कफ परेड. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही.

रडगाणं आहे ते स्टेशनबाहेरचं.

मेट्रोला पूर्ण टोकापासून टोकापर्यंत ७० रुपये, ३३.५ किमी. आणि पवईतल्या आयआयटी गेटपासून आरे, जेमतेम पाच किमी, त्याला रिक्षा मीटरने ८०-९०! म्हणजे महाग मेट्रो नाही, मेट्रोपर्यंत पोचणं महाग. बस स्वस्त आहे (मे २०२५ पासून किमान १०, एसी १२) पण जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वरती मेट्रो ६ चं काम, खाली बॅरिकेड, एलअँडटीच्या सिग्नलला बस अशी उभी राहते की माणूस उतरून चालायला लागतो, मी दोनदा खरंच चाललेय, ऑफिसच्या चपलांत.

संध्याकाळची रिक्षा तर विचारूच नका. रिक्षा रिकामी असते, पण रिक्षावाल्या काकांना पवई म्हटलं की मान नुसती डावीकडून उजवीकडे, तोंडातला मावा पण हलत नाही. म्हणून हल्ली परत येताना सहसा आरेपर्यंत जात नाही, मरोळ नाक्याला उतरून मेट्रो १ ने (घाटकोपर-वर्सोवा लाइन) साकीनाका आणि तिथून पवईची बस. मेट्रो १ चं भाडं वेगळं पडतं, जिने पण भरपूर, पण रिक्षावाल्यांची मनधरणी वाचते. सकाळी मात्र सीटसाठी आरेच.

स्टेशन चांगलंय, या लाइनवरचं एकटंच जमिनीवरचं, बाकी २६ भुयारी. २०१९ मध्ये एका रात्रीत या लाइनच्या कारशेडसाठी (गाड्या ठेवायची जागा) आरेतली झाडं पडायला लागली तेव्हा मीही फेसबुकवर तावातावाने लिहिलं होतं, आणि आता त्याच कारशेडमधून निघालेल्या गाडीत रोज बसते, काय बोलणार.

हां, भुयारात माझ्या फोनला रेंज नसते. उशीर झाला की मरोळला न उतरता सरळ आरेपर्यंत जाते, आरेच्या आधीचं सीप्झ स्टेशन सुटून गाडी वर आली की अख्ख्या डब्यातले फोन एकदम टिंग टिंग करतात आणि माझ्यावर आईचे चार मिस्ड कॉल.