वर्ल्ड वॉच लिस्ट: प्रार्थनेला उत्तम, आकडे मात्र जपून वापरा

दर जानेवारीत ओपन डोअर्सची ‘वर्ल्ड वॉच लिस्ट’ येते आणि पुढचे काही आठवडे ख्रिस्ती व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तिचेच आकडे फिरत असतात. ख्रिस्ती म्हणून जगणं जिथे सर्वांत अवघड आहे अशा पन्नास देशांची ही क्रमवारी. ब्रदर अँड्र्यू या डच सेवकाने १९५५ मध्ये सुरू केलेली ही संस्था. कम्युनिस्ट देशांत चोरून पवित्र शास्त्र पोचवणारे ते हेच. यादी फुकट आहे आणि देशवार अहवालही फुकट मिळतात, पण सविस्तर अहवाल इंग्रजीत वाचायची तयारी हवी. रोजच्या बातम्या वाचून मध्यस्थीची प्रार्थना करणाऱ्याला यापेक्षा उपयोगी साधन मी तरी सुचवणार नाही. मात्र नुसता क्रमांक आणि वरचा मोठा आकडा एवढंच उचललं, तर त्यातून हमखास चुकीचं काहीतरी बोललं जातं.

गुण कसे दिले जातात ते आधी समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. एकूण गुण १०० आणि भाग सहा: खासगी जीवन, कुटुंब, समाज, राष्ट्रीय जीवन, मंडळीचं (म्हणजे चर्चचं) जीवन आणि सहावा हिंसाचार. प्रत्येक भागाला जास्तीत जास्त १६.७ गुण. म्हणजे मारहाण, खून, जाळपोळ, अपहरण हे सगळं मिळून एक षष्ठांश. उरलेले पाच भाग दबावाचे. ८१ किंवा त्याहून जास्त गुणांचा देश ‘अतितीव्र’ गटात, ६१ ते ८० ‘अतिशय जास्त’, ४१ ते ६० ‘जास्त’.

हे एकदा डोक्यात बसलं की यादीतल्या अनेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. २०२५ च्या यादीत विश्वासामुळे मारल्या गेलेल्या ४,४७६ ख्रिस्ती लोकांची नोंद आहे आणि त्यांतले ३,१०० एकट्या नायजेरियातले. तरीही नायजेरिया सातवा! कारण हिंसाचाराचे गुण १६.७ वर थांबतात, कितीही माणसं मेली तरी. शिवाय त्या देशात ख्रिस्ती लोकसंख्या प्रचंड आहे, अनेक भागांत मंडळ्या उघडपणे भरतात, त्यामुळे दबावाचे गुण उत्तर कोरियाइतके चढत नाहीत. उलट टोकाला मालदीव. तिथे ख्रिस्ती माणसाचा खून झाल्याची बातमी येत नाही, पण मुस्लिम नसलेल्याला नागरिकत्व मिळणार नाही असं २००८ ची राज्यघटनाच म्हणते. दबावाचे भाग गच्च भरतात आणि देश पहिल्या विसात जातो. दोन्ही देशांसाठी एकच प्रार्थना करून चालत नाही. एकीकडे विधवा, जळालेली शेतं आणि विस्थापितांच्या छावण्या आहेत, दुसरीकडे कुणालाही सांगता न येणारा विश्वास. म्हणून देशाचा अहवाल उघडला की क्रमांक सोडून द्या आणि सहा भागांचे गुण शेजारीशेजारी ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

क्रमांक खाली गेला म्हणजे परिस्थिती सुधारली, हा समजही इथेच मोडतो. तालिबान परतल्यावर २०२२ च्या यादीत अफगाणिस्तानने उत्तर कोरियाला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. २०२३ मध्ये तो नवव्या क्रमांकावर उतरला. तो का उतरला? अनेक विश्वासी देश सोडून गेले होते, राहिलेले आणखी खोल लपले होते आणि नोंदवता येईल अशी हिंसा कमी झाली होती. अशा घसरणीवरून ‘प्रार्थनेचं उत्तर मिळालं’ अशी साक्ष देणं घाईचं ठरतं.

आता तारांकित आकडे. नेमकी संख्या कळत नसेल तिथे ही यादी १०, १००, १,००० किंवा १०,००० यांसारखा गोल आकडा घालते आणि शेजारी तारा देते. पद्धत प्रामाणिक आहे, लपवाछपवी नाही. घोळ होतो तो बेरजेत. २०२४ च्या यादीत हल्ला झालेल्या किंवा बंद पाडलेल्या चर्च आणि ख्रिस्ती मालमत्तांची संख्या १४,७६६ होती. शेवटचा ‘सहासष्ट’ बघून वाटतं, कुणीतरी एकेक इमारत मोजली असणार. प्रत्यक्षात त्यात चीनचे गोल १०,००० आहेत. ते काढले तर उरतात ४,७६६. तारा अहवालाच्या तक्त्यात असतो, फॉरवर्ड केलेल्या रंगीत चित्रात नसतो. या एका गोष्टीसाठी मी यादीचे गुण कापेन: बेरजेच्या आकड्यालाही तारा द्यायला काय हरकत होती?

काळाचंही तसंच. २०२५ ची यादी म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४. ‘या वर्षी’ म्हणून जे वाचलं जातं ते निदान तीन महिने जुनं असतं आणि डिसेंबरमध्ये वाचाल तर सव्वा वर्ष. काल घडलेल्या घटनेला यादीचा आकडा जोडू नका.

पडताळणीसाठी दुसरं काही हवं असेल तर १९२७ पासून चालत आलेली फिदेस ही कॅथोलिक वृत्तसंस्था बघावी. वर्षअखेरीस ती मारल्या गेलेल्या मिशनऱ्यांची आणि मंडळीत सेवा करणाऱ्यांची यादी काढते. २०२४ चा त्यांचा आकडा होता १३: आठ धर्मगुरू आणि पाच प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले विश्वासी. एकीकडे हजारो, दुसरीकडे तेरा; मग खोटं कोण? कुणीच नाही. फिदेस फक्त कॅथोलिक सेवेकरी मोजते, ज्यांची नावं-गावं सांगता येतात असे. दरोड्यात मारला गेलेला धर्मगुरूही त्यात येतो आणि सगळ्यांना हुतात्मा म्हणायचं ती मुद्दाम टाळते. प्रत्येकाबद्दल दोन-चार ओळी असतात: कुठे सेवा करत होता, कसा मारला गेला. प्रार्थनेला नाव लागतं अशांसाठी ही छोटी यादी जास्त जवळची.

‘दरवर्षी एक लाख ख्रिस्ती हुतात्मे, दर पाच मिनिटांना एक’ हा फॉरवर्ड यांपैकी कुठल्याच यादीतला नाही. तो अमेरिकेतल्या गॉर्डन-कॉनवेल सेमिनरीच्या अभ्यासकेंद्राच्या अंदाजातून आला. दहा वर्षांची सरासरी होती ती आणि तिच्यात काँगोच्या यादवी युद्धातले मृत्यू फार मोठ्या संख्येने धरले होते. बीबीसीने २०१३ मध्ये हे उलगडून दाखवलं. तरीही तो संदेश मरत नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डच्या बटणालाही लागू आहे, एवढंच म्हणतो.

यादीची खरी मर्यादा मात्र आकड्यांची नाही. ती फक्त ख्रिस्ती लोक मोजते. नायजेरियात त्याच टोळ्यांच्या हातून मरणारे मुसलमान गावकरी, अफगाणिस्तानातले शिया हजारा, म्यानमारमधले रोहिंग्या यांतलं कुणी इथे दिसणार नाही. संस्थेचं कामच तेवढं आहे, त्यामुळे तिला दोष देत नाही. पण आपली प्रार्थना तेवढ्यावर थांबली तर तो दोष आपला. यासाठी सोबत ‘एड टू द चर्च इन नीड’ या कॅथोलिक मदतसंस्थेचा धर्मस्वातंत्र्य अहवाल ठेवावा. तो १९९९ पासून निघतो, दोन वर्षांतून एकदा येतो, १९६ देश घेतो आणि सगळ्या धर्मांचा विचार करतो. प्यू रिसर्च सेंटर ही अमेरिकेतली संशोधनसंस्था. ते सरकारी निर्बंध आणि सामाजिक वैर यांना शून्य ते दहा असे वेगवेगळे गुण देतं. काटेकोर आहे, पण माहिती साधारण दोन वर्षं मागे असते. क्लिक टू प्रे हे पोपच्या प्रार्थना-जाळ्याचं अॅप वापरायला सोपं, पण पोपचे महिन्याचे हेतू आधीच ठरलेले असल्यामुळे अचानक आलेला भूकंप किंवा युद्ध त्यांत क्वचितच सापडतं.

रविवारच्या उपासनेत वापरायची असेल तर एका वेळी एकच देश घ्या, पन्नासांची जंत्री वाचू नका. विनंती लिहून काढा आणि काळ, ठिकाण, आकडा वेगळे ठेवा. ‘नायजेरियात या वर्षी साडेचार हजार ख्रिस्ती मारले गेले’ या एका वाक्यात तीन चुका आहेत: जगाचा आकडा एका देशाला लावला, वर्ष चुकलं आणि किमान नोंद ही खात्रीची संख्या झाली. त्याऐवजी: ‘ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात विश्वासामुळे किमान ४,४७६ ख्रिस्ती मारले गेल्याची नोंद आहे, त्यांतले ३,१०० नायजेरियातले. त्यांच्या घरच्यांसाठी, त्याच हल्ल्यांत मेलेल्या मुसलमान शेजाऱ्यांसाठी आणि बंदूक हातात असलेल्यांसाठीही प्रार्थना करू.’ वाक्य लांबतं, लांबू द्या.

आणि उपासना यूट्यूबवर थेट जात असेल तर धर्मांतर केलेल्या कुणाचं नाव, पाळकाचं नाव किंवा गाव वाचू नका. अहवालात नावं बदललेली असतात. तिथे नसलेले तपशील ओळखीच्या सेवकाकडून मिळाले असतील तर ते प्रार्थनेच्या छोट्या गटातच ठेवा आणि त्या वेळी मोबाइलचं रेकॉर्डिंग बंद करा.