सणाची भेटपेटी: हातानं कापायची, डायनं की कटिंग मशीननं?

कागदाची सजवलेली भेटपेटी करायची म्हटलं की कटिंग मशीन घ्यावं का, हा प्रश्न आज ना उद्या येतोच. मशीनच्या जाहिराती बघितल्या तर सगळा भर कापण्यावर असतो: किती बारीक नक्षी, किती जाड कागद, किती वेग. पेटी करणाऱ्याला मात्र कापण्यापेक्षा घडी जास्त छळते. चार भिंती काटकोनात उभ्या राहिल्या आणि झाकण न अडता बसलं, तर साध्या कागदाचीही पेटी देखणी दिसते. घडी तिरकी गेली की वर कितीही चांदण्या चिकटवा, पेटी वाकडीच. म्हणून इथे तुलना करताना मी आधी घडी बघितली आहे, मग माप आणि नक्षी शेवटी.

पाच-सहा साध्या पेट्या करायच्या असतील तर मशीनचा विचारही करू नका. स्टीलची पट्टी, धारदार कटर, कटिंग मॅट आणि शाई संपलेलं बॉलपेन एवढ्यात काम होतं. रिकाम्या पेनानं पट्टीला धरून रेघ दाबली की घडी सरळ येते, आणि 200 ते 250 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट त्यावर कुरकुर न करता दुमडते. हाताच्या कामाला मापाचं बंधन नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. कागद जेवढा मोठा, तेवढी पेटी मोठी. हात हरतो तो जाळीच्या नक्षीत. झाकणावर हिमकणाची किंवा पानाफुलांची नाजूक जाळी हवी असेल तर पहिल्या झाकणाला मजा येते, चौथ्याला बोटं दुखतात, आणि तीस झाकणं एकसारखी निघणं अशक्यच.

हातानं फिरवायचं रोलरचं डाय मशीन हा मधला रस्ता. लोखंडी डायवर, म्हणजे धारदार कडांच्या साच्यावर, कागद ठेवायचा, वर-खाली प्लेटा, आणि हँडल फिरवायचं. ना कॉम्प्युटर, ना फाइल, ना अपडेट. पेटीच्या डायमध्ये घडीच्या रेघा आधीच असतात, त्यामुळे पहिली पेटी आणि पन्नासावी पेटी सारखीच निघते. पण डाय ज्या मापाचा, त्याच मापाची पेटी. एक सेंटिमीटर उंची वाढवायची तर दुसरा डाय. सिझिक्सच्या बिग शॉटसारख्या मशीनचं तोंड साधारण सहा इंच रुंद, म्हणजे पेट्या छोट्याच. दरवर्षी एकच ठरलेली डबी वाटणाऱ्यांना हे उत्तम. ज्यांना दर सणाला नवं काही सुचतं, त्यांचा डायांचा खण भरत जाईल, एवढंच.

आता कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं. यांच्यात निवड करताना आधी मापाचा हिशेब करा, कारण तो मांडला नाही तर मशीन घरी आल्यावर रडू येतं. घनाकृती पेटीच्या चार भिंती एका ओळीत येतात, शेवटी चिकटवायची पट्टी. कागद चिकटवून मशीनमध्ये घालायच्या 12 इंचांच्या मॅटवर कापायला साधारण 29 सेंटिमीटर मिळतात. त्यातून दीड सेंटिमीटरची पट्टी वजा केली की एक बाजू पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास. साबणाची वडी किंवा छोटी मेणबत्ती मावेल, त्याहून मोठं काही नाही. तीच मॅट वापरून तळ वेगळा आणि झाकण वेगळं केलं, तर 15 सेंटिमीटरचा चौकोन आणि 7 सेंटिमीटर उंची सहज जमते. म्हणून मोठी पेटी हवी असेल तर दोन भागांचीच करा. झाकण दोन ते तीन मिलिमीटर मोठं ठेवायचं; कागद जाड असेल तर तीनच. 24 इंच लांब मॅटही मिळते, पण तेवढ्या लांबीची जाड कार्डशीट शोधत बसावं लागतं.

या हिशेबात क्रिकट कंपनीचं जॉय हे छोटं मशीन पेटीसाठी बादच होतं. त्याची कापण्याची रुंदी साडेचार इंच, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या जवळपास. अंगठीची डबी होईल. शिवाय त्यात एका वेळी एकच हत्यार बसतं आणि मूळ जॉयला घडीच्या रेघेचं हत्यार नाही. लेबलं, टॅग, छोट्या चांदण्या यासाठी ते छान आहे. पेटी हातानं कापायची आणि सजावट जॉयवर, अशी जोडी मात्र खरंच चांगली जमते.

क्रिकटची एक्सप्लोअर मालिका घडीच्या बाबतीत सोयीची. तिला दोन क्लॅम्प आहेत: एकात घडीची बोथट सळई, दुसऱ्यात ब्लेड. कागद एकदा आत गेला की आधी रेघा, मग कापणं, मध्ये हात लावायला नको. क्रिकटच्याच मेकर या मशीनमध्ये याशिवाय घडीचं चाक बसवता येतं. मेकरचा कापण्याचा दाब कंपनी एक्सप्लोअरच्या दहापट सांगते, आणि जाड कागदावर चाकाची रेघ सळईपेक्षा स्पष्ट उठते. पण चाक ब्लेडच्याच जागी बसतं, त्यामुळे काम मध्येच थांबतं आणि हत्यार बदलावं लागतं. एकाच पेटीला काही वाटत नाही. ओळीनं वीस करताना कंटाळा येतो. माझ्या मते 250 जीएसएमपर्यंतच्या कागदासाठी एक्सप्लोअर पुरेसं आहे. मेकर घ्यायचं ते पुठ्ठा, पातळ लाकूड किंवा कापडही कापायचं मनात असेल तर.

सिल्हूट कंपनीच्या कॅमिओ मशीनमध्ये घडी बऱ्याचदा तुटक रेघेनं करतात, म्हणजे ब्लेडच थोडं कापतं, थोडं सोडतं. घडी झटकन वळते, हे खरं. पण जवळून बघा: वरून रंगीत आणि आतून पांढरा कागद असेल तर त्या टिंबांमधून पांढरे दात दिसतात, आणि जड वस्तू ठेवली की तळाची घडी तिथूनच उसवते. आरपार एकरंगी कार्डशीट वापरली तर पहिला त्रास जातो, दुसरा राहतो. ब्लेड कमी खोल ठेवून अर्धवट कापत घडी करणारेही आहेत, पण त्याला कागदागणिक चाचणी लागते. कॅमिओचं बलस्थान सॉफ्टवेअरमध्ये आहे. सिल्हूट स्टुडिओ इंटरनेटशिवाय चालतं आणि त्यात रेखाटन करता येतं. एसव्हीजी आणि डीएक्सएफ हे नक्षीच्या फाइलींचे दोन प्रकार; मोफत आवृत्ती एसव्हीजी उघडत नाही, डीएक्सएफ उघडते. पेटीची मापं टाकली की नकाशा काढून देणारी मोफत संकेतस्थळं डीएक्सएफही देतात, तेव्हा काम अडत नाही.

क्रिकटचं सॉफ्टवेअर डिझाइन स्पेस शिकायला सोपं, पण बहुतेक काम इंटरनेटवर अवलंबून. 2021च्या मार्चमध्ये कंपनीनं मोफत वापरणाऱ्यांना महिन्याला 20च फाइल चढवण्याची मर्यादा जाहीर केली होती. गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली. मशीन आपलं असलं तरी किल्ली कुणाकडे असते, ते त्या वेळी सगळ्यांना कळलं. आणखी एक गोष्ट: घडीच्या रेघा आणि पेटीची कड निवडून 'अटॅच' केलं नाही, म्हणजे एकमेकांना जोडून ठेवलं नाही, तर मशीन रेघा पेटीवर न मारता मॅटच्या दुसऱ्याच कोपऱ्यात मारतं.

ब्रदरचं स्कॅन-एन-कट कागदावर हातानं काढलेली नक्षी स्कॅन करून थेट कापतं, कॉम्प्युटर जोडावा लागत नाही. चित्र काढणाऱ्यांनी ते जरूर बघावं. फक्त पेटीसाठी मी ते सुचवणार नाही.

मशीन कुठलंही असो, जाळीचं झाकण मॅटवरून सोडवताना कागद ओढू नका. मॅट उलटी करून कागद टेबलावर दाबून धरा आणि मॅटच मागे वाकवत सोलून काढा. कागद ओढला की तो गोल वळतो आणि जाळीचे धागे तुटतात. चकाकीचा कागद असेल तर मागच्या बाजूनं कापलेलं बरं, फक्त नक्षी आधी आरशासारखी उलटी करून घ्यायची.

दुकानात मशीन चालवून दाखवत असतील तर तयार नमुने बघत बसू नका. आपण वापरतो तीच कार्डशीट बरोबर न्या आणि त्यावर घडीच्या दोन रेघा मारून घ्या, एक उभी, एक आडवी. कागदाचे तंतू एका दिशेला असतात, म्हणून एक घडी गुळगुळीत येईल आणि दुसरी थोडी खरखरीत. रेघेचा खळगा बाहेरच्या बाजूला आणि मागचा उठाव आत राहील अशा पद्धतीनं दुमडा. त्या खरखरीत घडीवर कागदाचा वरचा थर फाटून पांढरं दिसलं, तर त्या कागदाला त्या मशीनची रेघ पुरत नाही.