इन्लेची दिवसभराची नाव: मार्ग आपण ठरवावा

म्यानमारच्या धम्मयात्रेत यांगूनचा श्वेडगॉन स्तूप आणि बगानच्या जोडीला शान राज्यातलं इन्ले सरोवर घेणार असाल, तर त्याला अर्धा नाही, पूर्ण दिवस द्या. संभाजीनगर, जालना, नांदेडकडून जाणाऱ्या गटांसाठी सरोवराजवळच्या न्यांगश्वे गावाच्या धक्क्यावरून मिळणारी नाव हाच खरा पर्याय आहे. सेवा चांगली, नावाडी कसलेले. पण मार्ग त्यांच्यावर सोडला की निम्मा दिवस चांदीकाम, चिरूट आणि छत्र्यांच्या दुकानांत जातो, कारण तिथल्या विक्रीत नावाड्याला वाटा असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी ठिकाणं कागदावर लिहून द्या आणि भाडं त्यावरच ठरवा. भाडं नावेचं असतं, माणशी नव्हे.

नाव लांब आणि अरुंद असते. एकामागे एक चार-पाच खुर्च्या, मागे डिझेल इंजिन. इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा, त्यामुळे कापसाचे बोळे जवळ असू द्या. सरोवर सुमारे ८८० मीटर उंचीवर आहे; नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटेचा पाण्यावरचा वारा चांगलाच झोंबतो, स्वेटर आणि कानटोपी हवीच. लाइफ जॅकेट बसण्याआधी मागून घ्या आणि बंद लावून बघा. कॅमेरा, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, समोरून नाव गेली की पाणी उडतंच.

सगळ्यात आधी इंदेइन गाव सांगा. तिथे जाणारा ओढा बांबूच्या बांधांनी अडवलेला आहे आणि मार्चनंतर पाणी उतरतं, तेव्हा नाव अडकू शकते. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. गावातून टेकडीवर खांबांची छप्परवाट चढते आणि वर विटा-चुन्याचे शेकडो स्तूप दाटीने उभे आहेत. काही पडके, भेगांतून झाडं फुटलेली. काही नव्याने गिलावा करून सोनेरी रंगवलेले, त्यांवर दात्यांची नावं. अजिंठा, पितळखोऱ्याचे कोरीव चैत्य पाहिलेल्या माणसाला बांधीव स्तूपांची ही गर्दी वेगळीच वाटते. स्थळाचं नातं अशोकाशी जोडणारी कथा तिथे ऐकायला मिळते, पण आज दिसतात ते स्तूप फार नंतरचे आहेत. जुन्या स्तूपांच्या कोनाड्यांत चुन्यातल्या देवतामूर्ती आहेत, त्या शोधून बघा. इथे किमान दीड तास हवा.

पुढे फाउंग डॉ ऊ हे बुद्धमंदिर. इथल्या पाच लहान मूर्तींवर भाविकांनी इतका सोन्याचा वर्ख लावला आहे की मूळ आकार दिसेनासा होऊन नुसते गोळे उरलेत. वर्ख फक्त पुरुषांनाच लावता येतो. हा नियम खटकतो, आणि गटातल्या महिलांना तो दारात नव्हे, निघण्याआधीच सांगायला हवा. चपलांबरोबर मोजेही काढावे लागतात, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उत्सवात चार मूर्ती राजनौकेतून गावोगाव फिरतात, पाचवी देवळातच राहते. त्या दिवसांत नाव आधीच ठरवून ठेवा.

कारखान्यांपैकी एकच ठेवायचा तर इनपॉखॉन गावातला, कमळाच्या देठातून धागा काढून कापड विणणारा. बाई पाच-सहा देठ एकत्र धरते, सुरीने वरवर चीर देते, देठ मोडून हलकेच ओढते, की आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात. ते ओल्या फळीवर तळहाताने वळायचे, पुढच्या तंतूंना जोडायचे. धागा सुकला की तुटतो, म्हणून विणतानाही ओला ठेवतात. अस्सल कमळाचं कापड मंद, मळकट पांढरं आणि जरा गाठाळ लागतं. चमक आणि एकसारखेपणा दिसला तर त्यात रेशीम मिसळलंय. पैठणी हाताळलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच कळेल. किंमत भरमसाट असते, पण श्रम पाहता ती पटते.

जेवणात शान तोफू मागा. तो सोयाबीनचा नसून हरभऱ्यासारख्या डाळीच्या पिठाचा असतो, हळद घालून शिजवून थापलेला. शाकाहारींनी ‘थेट-थट-लुट’ एवढं सांगावं, नाहीतर भाजीतही सुकी कोळंबी किंवा मासळीचा रस पडतो.

सरोवराच्या तोंडाशी शंकूच्या टोपल्या उचलून एका पायावर उभे राहणारे कोळी फोटोसाठी पैसे घेतात. पायाने वल्हवत जाळी टाकणारे सरोवरावरच राहणाऱ्या इंथा जमातीचे खरे कोळी आत, उघड्या पाण्यात भेटतात. गळ्यात कड्या घातलेल्या कयान जमातीच्या बायकांना दुकानात बसवलेलं असतं, ते ठिकाण कागदावर लिहूच नका. तरंगत्या टोमॅटो वाफ्यांजवळ इंजिन हळू करायला सांगा. वाफे बांबू रोवून अडकवलेले असतात, लाटांनी ते हलतात.

२०२१ च्या लष्करी उठावानंतर शानच्या दक्षिण भागातही लढाई झाली आहे, आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपात सरोवरातली खांबांवरची बरीच घरं कोसळली. त्यामुळे आगाऊ पैसे भरण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा, यांगूनहून इन्लेजवळच्या हेहो विमानतळापर्यंत रस्त्याने न जाता विमानानेच जा, आणि कोणती देवळं, कोणती गावं सध्या खुली आहेत हे न्यांगश्वेतल्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.